आधी काकांचं लॅमिनेशन

कॉम्प्युटरवरचं डिझाइन देऊन कागद कापायचं इलेक्ट्रॉनिक मशीन घ्यायचं ठरलं. का, कशाला, ठेवणार कुठे, हे सगळं घरात बोलून झालंय, इथे परत नको. डेमो बघितल्याशिवाय घेणार नाही म्हणून काल माझं स्वतःचं 300 जीएसएमचं कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद, घेऊन अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात गेले.

दुकानात प्लग एकच. त्यात लॅमिनेशनचं मशीन, आणि मशीनपुढे एक काका.

आधार कार्ड झालं होतं, रेशन कार्ड आत चाललं होतं, मागे लाइनीत शाळा सोडल्याचा दाखला आणि कधीकाळी पेपरात छापून आलेलं काकांचं वाचकांचं पत्र. "दोनच मिनिटं हं ताई. काय घेताय?"

सांगितलं.

"कागद कापायला वीज?"

म्हटलं, भाचीच्या बारशाची आमंत्रणं आहेत, एकाच मापाची दीडशे फुलपाखरं हवीत.

"आमच्या वेळी बारशाला फुलपाखरं नसायची. बाळ असायचं."

मग काउंटरवरची कात्री उचलून, माझ्याच हातातला एक कागद घेऊन, घडी घालून त्यांनी फुलपाखरू कापलं. दुर्दैवाने बरं जमलं. दुकानदार कौतुकाने बघतोय. मी विचारलं, उरलेली एकशे एकोणपन्नास? "घरातल्या पोरांना बसवा की!"

आता यांना काय सांगू, माझं डोकं आधीच कशाने उठलंय ते. क्रिकट कंपनीचं मशीन घ्यावं तर त्यांनी 2021 मध्ये त्यांचं सॉफ्टवेअर फुकट वापरणाऱ्यांना महिन्याला फक्त 20 डिझाइन अपलोड करता येतील असं जाहीर केलं होतं, लोक खवळले तेव्हा मागे घेतलं, पण म्हणजे मशीन विकत घेऊनही मालक दुसराच ना? दुसरी कंपनी सिल्हुएट, तर तिच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये एसव्हीजी फाइल (डिझाइनं बहुतेक याच प्रकारात मिळतात) उघडत नाही, त्याचे पैसे वेगळे. त्यांचंच छोटं मशीन पोर्ट्रेट 3 बघितलं तर ते कापणार 8 इंच रुंद आणि आपला ए-फोर सव्वाआठ! पाव इंचासाठी माणसाने रडायचं का? ब्रदर कंपनीच्या स्कॅन-एन-कट मशीनला आतच स्कॅनर आहे, पण किंमत बघून मी टॅबच बंद केला.

शेवटी प्लग मोकळा झाला. (डेमोचं मशीन कुठलं ते सांगत नाही, त्याची काही चूक नव्हती.) दुकानदार उत्साहात म्हणाला, "काका, तुमच्या दारावरची पाटीच कापून दाखवतो!" आणि माझं कार्डस्टॉक मशीनच्या चिकट मॅटवर चिकटवून 'बेल एकदाच वाजवावी' टाइप केलं. देवनागरीत अक्षरं एकमेकांना टेकतात, शिरोरेषा एकमेकींवर चढतात, त्यामुळे आधी सगळं वेल्ड करून एकसंध करायचं असतं, नाहीतर मशीन प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं. मी हे सांगितलं. दोनदा सांगितलं. ऐकतंय कोण. 'वाजवावी'चे चार तुकडे सुटे होऊन हातात आले.

"बघा," काका म्हणाले, "रेघच तोडली!"

"इंग्लिशमध्ये मस्त येतं मॅडम," दुकानदार मलाच समजावतोय, जणू मराठीत पाटी मीच मागितली होती.

फुलपाखराचा डेमो राहिलाच, कारण पुढचं गिऱ्हाईक लॅमिनेशनचं होतं. काका तुकडे पिशवीत घालून, फेव्हिकॉलने चिकटवतो म्हणत गेले. त्यांच्याकडून लॅमिनेशनचे पैसे मोजून घेतले. माझ्या कागदाचं कुणी साधं विचारलंसुद्धा नाही.