५० मिनिटं गाडीला हात का लावला नाही, त्याचं उत्तर

नमस्कार साहेब,

रविवारी भर दुपारी तुम्हाला आणि वहिनींना लहान मुलासह आमच्या गॅरेजमध्ये ताटकळावं लागलं, त्याबद्दल माफी मागतो. गाडी घरी नीट पोचली हे वाचून बरं वाटलं.

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की गाडी ५० मिनिटं नुसती उभी होती, आमच्या पोराने उद्धटपणे तुमचा हात धरला, आणि वर तपासणीचे ५०० रुपये घेतले. पैशांचं सांगतोच. पण ‘नुसती उभी होती’ हे फार लागलं. साहेब, ती आम्ही मुद्दाम उभी ठेवली होती.

खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासून इंजिनच्या तापमानाचा काटा चढत होता हे तुम्हीच सांगितलंत. तरी कात्रज बोगद्याचा चढ एसी लावून पार केलात आणि नऱ्ह्यात आमच्या दारात आलात तेव्हा काटा लाल पट्ट्यात होता. तुमच्या रेडिएटरच्या झाकणावर १.१ छापलंय, म्हणजे तेवढ्या बारपर्यंत ते आतला दाब धरून ठेवतं. पुण्याच्या उंचीवर उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, पण त्या दाबाखाली १२० अंशांनाही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर उसळतं. तुम्ही रुमाल गुंडाळून त्याच झाकणाला हात घातला होता आणि वहिनी मुलाला कडेवर घेऊन शेजारीच उभ्या होत्या. अशा वेळी ‘सर, कृपया थांबा’ म्हणायला वेळ नसतो. पोराने हात धरला. त्याला मी रागावलो नाही आणि रागावणारही नाही.

गार पाणी ओता म्हणालात, तेही मुद्दाम टाळलं. तापलेल्या हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावर, एकदम गार पाणी गेलं तर हेडला तडा जाऊ शकतो, मग बिल कुठल्या कुठे जातं. बॉनेट उघडं ठेवून वाट बघितली. काही गाड्यांचा पंखा चावी काढल्यावरही अचानक फिरतो, म्हणून तुम्हाला दोनदा मागे व्हायला सांगितलं. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) हाताला सोसवेल इतका निवल्यावरच झाकण उघडलं.

आता ५०० रुपये. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, भरून रेडिएटरवर गळती शोधायचा टेस्टर लावला, पंप मारून १.१ पर्यंत दाब दिला. टेस्टरचा काटा हळूहळू उतरायला लागला, म्हणजे कुठेतरी गळती होती, तेव्हा वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब येताना दिसला. गरम इंजिनावर तो थेंब जागीच वाळतो, म्हणून तुम्हाला खाली डाग कधी दिसला नाही. तो थेंब तुम्हाला टॉर्च लावून दाखवला होता, साहेब. अंदाजाने थर्मोस्टॅट, रेडिएटर सगळं बदलून बिल वाढवणं मला जमलं असतं. तसं केलं नाही.

बसायच्या जागेचं काहीतरी करतोय, पंखाही लावू. गाडी थांबवली की कारण आधी सांगायचं, असंही पोरांना सांगितलंय.

सकाळी गार इंजिनावर बाटलीतली कूलंटची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना, एवढं आठवडाभर बघा. कमी झाली तर तशीच गाडी घेऊन या, त्या तपासणीचे पैसे घेणार नाही. हायवेवरून येणारी नवी माणसं स्टार बघूनच आत वळतात, पाच घरं यावर चालतात. पटलं तर तुमच्या त्या एका स्टारचा पुन्हा विचार करा.