देणगी इमारतीला नको, निधीला द्या
विद्यापीठाच्या दुर्मीळ ग्रंथांच्या ग्रंथालयासाठी नवे दालन बांधायला देणग्या गोळा करण्याची कल्पना एका लेखात मांडली आहे. हेतू मनापासून पटला, पण माझा आग्रह वेगळा आहे. दालनाला दाते मिळतात, कारण तिथे नावाची पाटी लागते. खरी चणचण त्यानंतर, वर्षानुवर्षे भासते. तापमान आणि आर्द्रता रात्रंदिवस स्थिर ठेवावी लागते, आम्लरहित पेट्या लागतात आणि मुख्य म्हणजे कुशल जतनतज्ज्ञाचा पगार. एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी लगद्याच्या कागदात मुळातच आम्ल असते, त्याने तो ठिसूळ होतो. पान दुमडले तरी तुकडा हातात येतो. (जुना चिंध्यांचा कागद त्याहून कितीतरी टिकाऊ!)

ऑक्सफर्ड विद्यापीठाचे ग्रंथालय थॉमस बॉडली या इंग्रज मुत्सद्द्याने स्वखर्चाने पुन्हा उभे केले, ते १६०२ मध्ये खुले झाले. पण तो तिथेच थांबला नाही. ग्रंथालयाला कायमचे उत्पन्न मिळावे म्हणून त्याने जमीन आणि घरेही लावून दिली. आज तसाच कायम निधी हवा: मुद्दल अबाधित, खर्च फक्त उत्पन्नातून. लहान देणगीदारांसाठी ‘ग्रंथ दत्तक’ योजना ठेवा. एका पुस्तकाच्या दुरुस्तीचा खर्च एकाने उचलायचा. मी पहिल्या यादीत नाव द्यायला तयार आहे.