‘पावडर’ म्हणणाऱ्या वाचकांस

विमानतळाकडे जाणाऱ्या महामार्गाच्या सुशोभीकरणावर मी लिहिलं. त्यावर आपण म्हणता : ‘झाडं, कारंजी, दगडी भिंती ही सगळी थोबाडावरची पावडर. उद्घाटनानंतर पाणी कोण घालणार? भिंतीमागच्या वस्तीचं काय? पण खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांना काय कळणार म्हणा!’

मतभेद असू द्या. पण ‘थोबाड’? माझ्या लेखात असा एकही शब्द शोधून दाखवा. आणि खुर्चीचं म्हणाल, तर माझी उमेदीची वर्षं महामार्गालगतच्या लागवडीवर देखरेख करण्यात गेली. टँकरचा पाइप धरून दुभाजकात उभे राहा एकदा. शेजारून ट्रक गेला की शर्ट फडफडून अंगाला चिकटतो, आणि सकाळी धुतलेली कण्हेरीची पानं संध्याकाळी पुन्हा काजळीने माखलेली असतात.

आता आपल्या ‘पावडरी’बद्दल. दुभाजकातली झुडपं नुसती दिसायला नसतात. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांची तिरीप ती अडवतात. रस्त्यासाठी कापलेला उतार उघडा ठेवलात तर पहिल्या जोरदार पावसात माती गटारात जाते, गटार तुंबतं आणि पाणी रस्त्यावर येतं. तिथे वाळा लावतात, कारण त्याची मुळं तीन मीटरपर्यंत खोल जाऊन माती धरून ठेवतात. वेगवान रस्त्याच्या अगदी कडेला मोठी झाडं का नसतात, हे तरी ठाऊक आहे? सुमारे १० सेंटिमीटरपेक्षा जाड बुंधा रस्ते-अभियंते धोकादायक अडथळा मानतात. म्हणून कडेला झुडपं, झाडं मागे.

विमानतळाजवळ तर आणखी पथ्यं. फळझाडं नकोत, उघडं पाणी नको, कारण पक्षी जमतात. १९६० साली बोस्टनहून उडालेलं विमान साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या थव्यात शिरून कोसळलं आणि ६२ माणसं गेली. कुठलं झाड लावायचं, हा तिथे हौसेचा मामला राहत नाही, साहेब.

कारंज्यांबाबत मात्र आपलं मान्य. मलाही ती आवडत नाहीत. पाणी खातात आणि बंद पडली की डास पोसतात.

पाहुण्यांवर छाप पाडायला हे सगळं करतात, असं आपल्याला सुचवायचं असेल, तर हो, त्यासाठीही करतात! सिंगापूरचा चांगी विमानतळ १९८१ साली सुरू झाला. तिथून शहरात नेणाऱ्या रस्त्यावर पर्जन्यवृक्षांची छत्री आहे. शहराच्या हिरवाईने परदेशी पाहुण्यांवर छाप पडावी, हे तिथले पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी कधी लपवलं नाही. त्यात लाज कसली? ती सावली टॅक्सीवाल्यालाही मिळतेच की.

राहता राहिला पाण्याचा प्रश्न. तो देखभालीच्या कंत्राटात बघायचा असतो. वस्तीचा विषय गृहनिर्माणाचा, माझ्या लेखाचा नव्हे. त्यावर आपण स्वतंत्र लिहा, मी जरूर वाचेन. एवढंच करा, पुढच्या वेळी टोपणनावाआडून नको, खऱ्या नावाने लिहा. उत्तर मिळेल.