क्राइस्टचर्चच्या त्या व्हिडिओबद्दल खुलासा

गणवेशातली मुलं मांड्यांवर थापा मारत, डोळे वटारून ओरडतायत, असा न्यूझीलंडचा एक जुना व्हिडिओ ‘मशिदीविरुद्ध विद्यार्थ्यांचा संताप’ अशा मजकुरासह कौटुंबिक ग्रुपांवर फिरतोय. मजकूर साफ उलटा आहे.

१५ मार्च २०१९ ला, शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी, क्राइस्टचर्चच्या अल नूर आणि लिनवूड मशिदींवर एका बंदूकधाऱ्याने हल्ला केला. ५१ जणांचा जीव गेला. त्या दुपारी शहरातल्या शाळांनी दारं बंद करून मुलांना आत ठेवलं होतं. सोमवारी वेगवेगळ्या शाळांची मुलं हॅगली पार्कमध्ये जमली आणि त्यांनी हाका हे माओरी (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) लोकांचं सामूहिक नृत्य केलं. अल नूर मशीद तिथून समोरच. कश्मीर हायस्कूलचे (नाव आपल्या काश्मीरवरूनच पडलेलं, पण हे क्राइस्टचर्चमधलं उपनगर) दोन विद्यार्थी आणि एक माजी विद्यार्थी मारले गेले होते.

हाका माओरींचा. रग्बी सामन्यांमुळे आपल्याला त्यातलं फक्त आव्हान दिसतं. पण तो अंत्यविधीतही होतो, मृतांना मान देण्यासाठी. पाय आपटणं, जीभ बाहेर काढणं हे सगळं त्यातलंच.

‘सरकारने मुलींना डोकं झाकायला लावलं’ ही पुरवणीही खोटी. मुस्लिमांशी एकजूट दाखवायला २२ मार्चला ओढणी घेण्याचं आवाहन नागरिकांतून आलं होतं, सक्ती कुणावरच नव्हती. काही मुस्लिम बायकांना तो प्रकार दिखाऊ वाटला आणि त्यांनी तसं उघड म्हटलंही. त्यावर वाद घालायचा तर जरूर घाला, पण मुलांच्या शोकाला द्वेषाचं लेबल लावून पुढे ढकलू नका.