‘मागच्या रांगेला कुठे काय दिसतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब,

स्लाईडसाठी प्लॉट (म्हणजे आलेख) कसे एक्स्पोर्ट करावेत, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांच्या सोयीसाठी ती जशीच्या तशी देते: “एवढा पसारा कशाला? स्क्रीनशॉट काढा, चिकटवा, मोकळे व्हा. मागच्या रांगेला कुठे काय दिसतं? रेसिडेंट ड्युटी करून राहिला का प्लॉट सजवून राहिला? 300 डीपीआय निव्वळ फॅशन आहे, प्रोजेक्टर 1920 पिक्सेलच दाखवतो. एसव्हीजी आमच्या सेमिनार हॉलच्या जुन्या पीसीवर चालत नाही, आणि आमच्याकडे एसपीएसएस आहे, आर नाही. घरी बसून ज्ञान पाजळणं सोपं असतं.” (नवख्यांसाठी: रेसिडेंट म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर, डीपीआय म्हणजे दर इंचातले पिक्सेल, एसव्हीजी म्हणजे कितीही ताणलं तरी रेखीव राहणारं चित्र, आणि आर व एसपीएसएस ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर.)

शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण ते मला लागलं. मी घरी बसून लिहीत नाही. नागपूरच्या धंतोलीत माझं टेबल आहे आणि थिसिस जमा करायच्या दिवसांत रेसिडेंट नाईट ड्युटीला जाता जाता तिथे लॅपटॉप उघडतात. त्यांची झोप किती झालेली असते ते मला दिसतं, तुम्ही सांगायची गरज नाही. त्याआधी मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदांवर स्केच पेनने आलेख काढायचे आणि तास सुरू होण्याआधी शेवटच्या बाकावर जाऊन ते वाचता येतात का हे बघायचे. नाही वाचता आले तर पुन्हा काढायचे. ही सवय असलेल्या बाईला ‘पाजळणं’ म्हणताना थोडा विचार करायला हवा होता. असहमती असू द्या, तिचं मला वाईट वाटत नाही.

आता मागची रांग. तिला दिसत नाही हे तुम्ही असं सांगता, जणू ते हॉलचं प्राक्तन आहे. हॉलचा त्यात फार थोडा दोष असतो. अक्षरं केवढी दिसणार हे प्लॉट फाईलमध्ये उतरतो त्याच वेळी ठरतं, आणि ते ठरवणारे तुम्ही असता.

हिशेब करून बघा. पॉवरपॉइंटची रुंद स्लाईड 13.33 बाय 7.5 इंचांची असते. शीर्षक वगळून प्लॉटला साधारण 12 बाय 5.5 इंच जागा मिळते. जीजीप्लॉट या आरमधल्या आलेख काढायच्या पॅकेजमधलं मूळ अक्षर 11 पॉइंटचं आणि अक्षावरचे आकडे त्याच्या 0.8 पट, म्हणजे 8.8 पॉइंट. स्लाईडवर 8.8 पॉइंटचा मजकूर कुणी टाइप करेल का? मग आकड्यांनी काय पाप केलं? मूळ अक्षर 20 केलं की आकडे 16 वर येतात. जीजीसेव्ह या प्लॉटची फाईल करणाऱ्या आदेशात रुंदी 12, उंची 5.5 इंच द्यायची, आणि स्लाईडवर ठेवल्यावर कोपरा धरून ओढायचं नाही. लेखात मी एवढंच सांगितलं होतं. एकदा लिहिलेली ओळ पुढच्या प्रत्येक प्लॉटला चालते, त्यामुळे ड्युटीचा वेळ कुठे जातो ते मला कळलेलं नाही.

लोक करतात नेमकं उलट. ‘मोठी फाईल हवी’ म्हणून रुंदी 20 इंच देतात आणि स्लाईडवर ती 10 इंचांत कोंबतात. 11 पॉइंटचं अक्षर साडेपाचचं होतं, आकडे 4.4 चे. मग डीपीआय वाढवतात. जीजीसेव्हमध्ये डीपीआय वाढवल्याने अक्षर मोठं होत नाही, तेच बारीक अक्षर जास्त रेखीव होतं. आरच्या साध्या पीएनजी आदेशात तर आणखी फसगत होते: रुंदी 3000 पिक्सेल दिली आणि रेझोल्यूशन 72 वरच राहिलं, तर अक्षरं मुंगीएवढी निघतात.

तुमच्या स्क्रीनशॉटचंही बघू. लॅपटॉपची स्क्रीन 1366 पिक्सेलची, त्यात प्लॉटच्या चौकटीला 600 मिळाले असं धरा. प्रोजेक्टरवर दर इंचाला 144 धरून 12 इंचांचे 1728 पिक्सेल होतात, म्हणजे चित्र जवळजवळ तिप्पट ताणलं जातं. कॅप्लान-मायर वक्र घ्या, म्हणजे काळानुसार किती रुग्ण तग धरून आहेत ते दाखवणारी पायऱ्यांची रेषा, 1958 पासून तुमच्याच शास्त्रात रुळलेली. त्याच्या पायऱ्यांवरच्या बारीक उभ्या खुणा म्हणजे ज्यांचा पाठपुरावा तिथवरच उपलब्ध आहे ते रुग्ण. ताणलेल्या चित्रात आधी त्याच पुसट होतात, आणि खालची ‘किती रुग्ण उरले’ ही आकड्यांची ओळ वाचता येत नाही. विदर्भात सिकलसेलवर थिसिस करणाऱ्या मुलीच्या स्लाईडवरून हेच गेलं तर उरतं काय? दोन रंगीत रेषा. तोंडी परीक्षेत माझ्या एका विद्यार्थिनीला परीक्षकांनी विचारलं, पाचव्या वर्षी किती रुग्ण शिल्लक होते? उत्तर तिच्याच स्लाईडवर होतं, पण तिलाही वाचता आलं नाही. आणि ती मागच्या रांगेत नव्हती, स्लाईडपाशी उभी होती.

त्यात हा स्क्रीनशॉट आधी व्हॉट्सॲपवर गाइडना जातो आणि तिथून परत घेऊन चिकटवला जातो. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप त्याचं जेपीजी करून दाबतं, आणि जेपीजी आठ बाय आठच्या चौकोनांत काम करत असल्यामुळे अक्षरांभोवती राखाडी धूळ साचते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाईल जशीच्या तशी राहते.

बाकीचं थोडक्यात. 1920 ला 13.33 ने भागलं की 144 येतात, म्हणजे फक्त प्रोजेक्टरपुरतं 144 डीपीआय पुरेल. हे गणित बरोबर आहे, मान्य. पण तीच फाईल थिसिसच्या छापील प्रतीत जाते, म्हणून मी 300 लिहिलं, आणि त्याला फॅशन म्हणत नाहीत. नव्या पॉवरपॉइंटमध्ये एसव्हीजी टाकलं की सोबत पीएनजी (साधं पिक्सेलचं चित्र) ही साठवलं जातं, जुना पीसी तेच दाखवतो. एसपीएसएसच्या चार्ट एडिटरमध्येही अक्षरांचा आकार बदलता येतो. उघडून बघितलं असतं तर दिसलं असतं.

तुमच्या पदव्यांबद्दल मला आदर आहे, पण अक्षाच्या आकड्यांचा पॉइंट साइज त्यांनी वाढत नाही.

पुढच्या वेळी मुद्दा लिहा, ‘पाजळणं’ वगळा. तशी प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करीन आणि उत्तरही देईन.