मामी, आधी तो ओव्हन १६५ वर कर

परवा रात्री साडेनऊला कुडाळच्या मामीचा फोन. "कोंबो ओव्हनात घातलंय, सकाळपर्यंत होतलो." आख्खी कोंबडी, भाच्यांसाठी, रात्रभर. कारण काय तर फॅमिली ग्रुपवर फिरणारा तो मेसेज, तुम्हालाही आलाच असेल. ओव्हन ६० डिग्रीवर ठेवा आणि झोपा, जास्त तापवलं की प्रोटीन मरतं, आपली पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा-कोंबडी) अशीच मंद आचेवर व्हायची, मीठ-लिंबू लावून नळाखाली धुतली की जंतू जातात, हाडापाशी लाल दिसलं तर ते हॉर्मोनचं इंजेक्शन. खाली कुठल्यातरी डॉक्टरांचं नाव. मी बोलायला लागलो तर मामी म्हणते, "डॉक्टरान लिवल्यान हा मेल्या, तुझ्यापेक्षा त्येका जास्त कळता."

बरं. मग ते ६० डिग्रीच आधी घेऊ, कारण बाकीचं नुसतं हास्यास्पद आहे, हे मात्र माणसाला दवाखान्यात नेणारं आहे.

अमेरिकेचं शेती खातं, यूएसडीए, सरळ सांगतं की ४ ते ६० डिग्री हा जंतू वाढायचा पट्टा, कोंबडीचं मांस आतून ७४ डिग्रीला पोचलं पाहिजे आणि ओव्हन १६३ च्या खाली ठेवूच नका. आता कोणी म्हणेल की हॉटेलवाले ६०-६५ ला शिजवतात. शिजवतात, मान्य. पण ते पिशवीत बंद केलेला तुकडा गरम पाण्यात बुडवतात, पाणी चहूबाजूने चिकटतं, आणि मांस आतून ६० ला पोचल्यावर पुढे अर्धा तास तरी तिथेच धरून ठेवतात. ओव्हनात पाणी नाही, हवा आहे. ओली कोंबडी ६० च्या हवेत ठेवली की तिच्यावरचं पाणी वाफ होत राहतं आणि ती गार राहते, माठातलं पाणी मे महिन्यात गार राहतं ना, अगदी तसंच. म्हंजे डायलवर ६० असलं तरी कोंबडी तास न् तास कोमटच. जंतूंना याहून छान सोय तुम्ही करू शकत नाही. आणि "सकाळी परत कडक गरम करू" हाही उपाय नाही, स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू विष सोडून बसले असतील तर जंतू मरतात पण ते विष उकळून जात नाही.

त्यात गंमत बघा, मामीच्या ओटीजीवर, म्हंजे त्या छोट्या विजेच्या ओव्हनवर, ६० लिहिलेलंच नाही! आकडे १०० पासून सुरू. तिने शून्य आणि शंभरच्या मधे अंदाजाने कुठेतरी फिरवला होता. शिवाय पावसाचे दिवस, रात्री दोनला लाईट गेली तर कोण उठणार होतं?

पोपटीचं तर मला रागच आला. अलिबागकडे पोपटी खाल्लेल्या माणसाने हे लिहिलेलं नाही. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पाण्याचा थेंब नाही, मडकं उपडं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा असा जाळ की दोन हात लांब उभं राहावं लागतं. अर्ध्या-पाऊण तासात काम खलास. याला मंद आच म्हणायची?

धुण्याचं. यूएसडीएनेच २०१९ ला लोकांना स्वयंपाक करायला लावून तपासलं, कोंबडी धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये जंतू सापडले, आणि २६ टक्के लोकांच्या सॅलडपर्यंत ते गेले. न धुणाऱ्यांचंही सॅलड काही सोवळं नव्हतं, हात नीट न धुतल्यामुळे, तेही खरंय. मीठ-लिंबू चवीला लावा, खुशाल लावा. पिसं-रक्त चिकटलं असेल तर ओल्या कागदाने पुसा आणि कागद टाकून द्या.

प्रोटीन मरतं वगैरे सोडा, मग उकडलेलं अंडं पण खाऊ नका. हाडापाशी लाल दिसतं कारण ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचा असतो, हाडं कोवळी, आतला रंग झिरपतो. हॉर्मोनची इंजेक्शनं हजारो कोंबड्यांना रोज कोण टोचत बसणार, वाढ जातीमुळे आणि खाद्यामुळे होते. अँटिबायोटिकची काळजी मात्र खोटी नाही, कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक जनावरांसाठी वापरण्यावर आपल्या सरकारने २०१९ ला बंदी घातली ती उगाच नाही. एवढा एक मुद्दा दिला मेसेजवाल्याला, तोही त्याने लिहिलेला नाहीच.

आणि हो, सावकाश भाजायचीच असेल तर १६५ वर सव्वा-दीड किलोची कोंबडी दीड तास, थोडं इकडेतिकडे. थर्मामीटर मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता. गावठी असेल तर हा नाद सोडा, तिचा रस्साच करा.

शेवटी मामीने कुरकुरत डायल फिरवला. कोंबो पावणेबाराला बाहेर आला, मामा तोवर पेज खाऊन झोपला होता.