दुर्बीणवाले

परवाच्या रविवारी शहरातल्या तलावावर माझ्या दुर्बिणीतून ऑस्प्रे हा मासेमार शिकारी पक्षी दिसला. वाक्य पुन्हा वाचा. माझ्या दुर्बिणीतून दिसला. मला नाही.

घरचे म्हणतात, सोड आता, पक्षीच तो, पुन्हा येईल. सोडतोच आहे. आधी बोलून मोकळा तर होऊ दे.

शरद ऋतू, स्थलांतराचा हंगाम, सकाळचे सहा, चौदा माणसं आणि तलावाच्या दोन काठांवरची दोन उद्यानं. पहिल्या उद्यानात ऊन थेट तोंडावर. ऊन पाठीशी घेऊन उभं राहायचं हा पक्षीनिरीक्षणाचा पहिला धडा, आणि तो आम्हाला आमच्या म्होरक्यानेच शिकवलेला. पण पार्किंग त्याच बाजूला होतं. त्यामुळे तासभर आम्ही काळी बदकं, काळे बगळे आणि काळे पाणकावळे पाहिले. पाणकावळे तेवढे बरोबर निघाले.

बदकांनी या दिवसांत वेगळाच छळ मांडलेला असतो. वीण संपली की बऱ्याच जातींचे नर आपली झकपक पिसं टाकून मादीसारखे मातकट होतात. पंखांची पिसंही एकदम गळतात, काही आठवडे उडता येत नाही, तेव्हा भपका नकोच, असा त्यामागचा शहाणपणा. प्रवासाला निघेपर्यंत पंख नवे आलेले असतात, पण अंगावरची मळकट वस्त्रं पुष्कळदा तशीच. पुस्तकात हिरव्या डोक्याचा थापट्या बघून आलेल्या माणसाला पाण्यावर नुसती तपकिरी गाठोडी दिसतात. म्होरक्याने त्यातल्या एका गाठोड्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "हा नर. डोळा बघा, पिवळा." दीडशे मीटरवरून बदकाचा डोळा! मी म्हटलं, "अरे हो!" चौदाही जण म्हणाले, "अरे हो!" या छंदात दुर्बिणीच्या आधी हे दोन शब्द घ्यावे लागतात.

दुसऱ्या उद्यानाचं नुकतंच सुशोभीकरण झालं आहे. म्हणजे काठचा चिखल बुजवून दगडी भिंत बांधली, भिंतीवर कमळाच्या आकाराचे दिवे लावले आणि पाण्यात हंसाच्या आकाराच्या नावा सोडल्या. तुतवारासारख्या, उथळ चिखलात चोच खुपसून पोट भरणाऱ्या पक्ष्यांनी आता कमळात चोच घालायची की हंसाच्या नावेत बसायचं, हे नकाशा काढणाऱ्याला विचारायला हवं होतं. असो. हा राग वेगळा आहे.

तिथे काका भेटले.

पांढरे बूट, हातात काठी (टेकायला नव्हे, दाखवायला). येऊन माझ्याच शेजारी उभे राहिले. चौदांतून माणूस निवडायची अशा लोकांना देणगी असते.

"काय हरवलंय?"

"काही नाही काका. पक्षी बघतोय."

"कुठला?"

"दिसेल तो."

"म्हणजे ठरवून नाही आलात." त्यांनी मान हलवली. "मी इथे अकरा वर्षं चालतोय. एक पक्षी दिसला नाही."

त्यांच्या काठीपासून पाच पावलांवर कठड्यावर खंड्या बसला होता. मी दाखवला.

"हा? हा तर इथलाच आहे."

मग त्यांनी काठी पाण्याकडे वळवली. "ती काळी कोंबडी कोणाची?"

"तो वारकरी. कपाळावर पांढरा पट्टा आहे ना, गंधासारखा, म्हणून."

"टाळ कुठाय?"

मी हसलो. ही माझी चूक. माणूस हसला की त्याच्याकडे वेळ आहे असा अर्थ निघतो.

"कितीपट दिसतं यातून?"

मी सांगितलं की दुर्बीण ८×४२ आहे, म्हणजे ८ पट मोठं दिसतं आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास.

"बेचाळीस मोठा आकडा आहे. मग बेचाळीसपट का नाही घेतली?"

"हात हलला की चित्रही तितकंच हलतं, काका. बेचाळीसपट हातात धरून काही दिसणार नाही."

"तुमचा हात हलतो का?" ते कळवळून म्हणाले. "बघू."

हे 'बघू' म्हणजे विनंती नव्हे. दुर्बिणीचा पट्टा माझ्या गळ्यात आणि दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना, अशा अवस्थेत आम्ही दावणीच्या जोडीसारखे उजवीकडे वळलो, डावीकडे वळलो. शेवटी मीच मान सोडवून घेतली. उजव्या डोळ्याशी एक रिंग असते. दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक तिने एकदा जुळवून घेतला की पुन्हा हात लावायचा नसतो. काकांनी ती रेडिओचं स्टेशन लावावं तशी फिरवली आणि एकाएकी थबकले.

"आमची गॅलरी!"

"कुठे?"

"पलीकडे, चौथा मजला. अरे, आठ वाजत आले, पडदा अजून बंद! नाही, उघडला. माझ्या खुर्चीवर ओला टॉवेल टाकलाय." दुर्बीण एका हातात तशीच धरून त्यांनी दुसऱ्या हाताने फोन लावला. त्यांचा हात, कबूल करतो, अजिबात हलत नव्हता. "टॉवेल उचल खुर्चीवरचा. नाही, मी तळ्यावरच आहे. दिसतंय मला. आता इकडे तिकडे काय बघतेस? टॉवेल बघ!"

पलीकडे चौथ्या मजल्यावर त्या बाईंचं काय झालं असेल, याचा विचार मी तेव्हापासून रोज करतो. अकरा वर्षांत सकाळचा हा एक तास त्यांचा होता.

एवढ्यात मागून कोणीतरी दबक्या आवाजात ओरडलं, "ऑस्प्रे! दोन वाजता, दोन वाजता!" म्हणजे घड्याळातल्या दोनच्या दिशेला.

"आत्ताशी आठ वाजतायत," काका म्हणाले, आणि दुर्बीण नेमकी त्या दिशेला वळवली.

पुढचं सगळं मी कानांनी पाहिलं. "घार आहे. नाही, पोट पांढरं आहे. डोळ्यावरून काळी पट्टी. हवेत एकाच जागी थांबलाय. थांबलाय... अरे, पडला! पाय पुढे करून पडला!" धप्प. कॅमेऱ्यांचा कडकडाट. "मासा! केवढा मासा! आता तो मासा पायात सरळ करतोय बघा, तोंड पुढे."

"काका, जरा द्या ना."

"थांबा, गेला की देतो."

आणि दिलीही. शब्दाचे पक्के.

घरी येऊन वाचलं. ऑस्प्रे जवळजवळ फक्त मासेच खातो, अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर आढळतो, बाहेरचं बोट मागे वळवून निसटता मासा दोन पुढून, दोन मागून असा पकडतो आणि हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून माशाचं तोंड पुढे ठेवून नेतो. म्हणजे काकांचं वर्णन अचूक होतं. याचाच जास्त राग आला. नुसत्या डोळ्यांनी मला जे दिसलं तो एक ठिपका होता, आणि ठिपका घारीचाही असतो. म्होरक्या मात्र सगळ्यांदेखत म्हणाला, "काकांची नजर तयार आहे हं!" मला तो दोन वर्षांत असं काही म्हणालेला नाही.

रात्री ई-बर्डवरची, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरची, गटाची यादी आली. तेवीस जाती, त्यात ऑस्प्रे १. आपल्याला जो दिसला नाही तो आपल्या प्रतीतून आपण काढायचा, अशी यातली सचोटी आहे. मी काढला. बदकाचा पिवळा डोळा यादीत लिहावा लागत नाही हे नशीब.

दुर्बिणीची ती रिंग अजून जुळलेली नाही. डावा डोळा मिटला की गच्चीवरची टाकी धूसर, उजवा मिटला की स्वच्छ, दोन्ही उघडले की डोकं दुखतं.

येत्या रविवारी पुन्हा फेरी आहे. म्होरक्याने काकांना ग्रुपवर घेतलंय. आज सकाळी त्यांचा पहिला मेसेज आला: "ते दुर्बीणवाले येणार आहेत ना?"